पिवळे झाले म्हणजे पिकले असे नाही

मागच्या वर्षी १४ एप्रिलला आमच्या वस्तीत मुलांना फळवाटप करायचे ठरले. दरवर्षी आपण केळी वाटतो, या वेळी आंबे वाटू, असे सगळ्यांचे मत पडले. वर्गणी जमली होती. आदल्या दिवशी बाजारातून आंब्याच्या आठ पेट्या आणल्या. उघडून पाहिल्या तर सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक. बघूनच समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी मुलांनी आंबे चोखायला घेतले आणि एकेक करून टाकून देऊ लागली. साल पिवळी, पण आतला गर पांढरट, कडक आणि आंबट. पेटीच्या तळाशी कागदाची एक पुडी सापडली. तिच्यात राखेसारखी करडी भुकटी होती. सात-आठ वर्षांच्या एका मुलाने ती ओल्या हाताने उचलली. थोड्याच वेळात बोटांची आग व्हायला लागली आणि तो रडू लागला. बराच वेळ नळाखाली हात धरला तेव्हा कुठे त्याला बरे वाटले.

आम्ही त्या विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, तुम्हाला चौदा तारखेला पिकलेला आंबा पाहिजे होता. आपल्याकडचा आंबा अजून झाडावर तयारच नाही. मग मी आणू कुठून?"

पुडी घातलेला माल विकला ही चूक त्याचीच. पण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. ज्या तारखेला फळ तयार नसते त्याच तारखेला ते मागणारे आम्हीच होतो. त्यानंतर फळ तयार कधी होते, पिकते कसे आणि त्या पुडीत नेमके काय असते, हे आम्ही समजून घेतले. जे समजले ते या पानावर मांडत आहोत.

तयार होणे वेगळे, पिकणे वेगळे

आपण बोलताना हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. बागायतदार मात्र तसे करत नाही. फळ झाडावर पूर्ण वाढले, त्यात पुरेसे पिष्ट म्हणजे स्टार्च साठले, कोय घट्ट झाली, म्हणजे फळ तयार झाले. हे काम फक्त झाडच करू शकते. त्यानंतर त्या पिष्टाची साखर होणे, आंबटपणा कमी होणे, गर मऊ होणे, रंग बदलणे आणि वास सुटणे, याला पिकणे म्हणतात. हे काम फळ झाडावरून उतरवल्यावरही होऊ शकते.

केळ्याचे उदाहरण घ्या. हिरव्या तयार केळ्याच्या गरात साधारण २० टक्के पिष्ट असते आणि साखर अगदी एक-दोन टक्के. केळे पिकले की हे गणित उलटे होते. पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येते आणि साखर २० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे गोडी बाहेरून येत नाही. झाडाने जे आत साठवले, त्याचीच गोडी होते. ज्या फळात साठाच अपुरा आहे, त्याला कोणताही वायू लावा किंवा कोणतीही पुडी ठेवा, सालीचा रंग तेवढा बदलेल. आमच्या पेट्यांतल्या आंब्यांचे तेच झाले होते.

फळाला पिकवणारा निसर्गाचा निरोप्या म्हणजे इथिलीन नावाचा वायू. १९०१ साली रशियातील शास्त्रज्ञ दिमित्री नेल्यूबोव यांनी दाखवून दिले की दिव्याच्या गॅसमुळे रोपांच्या वाढीत जो बिघाड होतो तो इथिलीनमुळे होतो. पुढे १९३४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केले की पिकणारे सफरचंद स्वतःच हा वायू तयार करते. एक फळ पिकू लागले की शेजारची फळेही पिकतात, त्याचे कारण हेच. आपल्या आजीला इथिलीन हे नाव ठाऊक नव्हते, पण कच्च्या आंब्यांत एखादा पाडाचा आंबा ठेवायचा हे तिला ठाऊक होते.

सगळीच फळे काढल्यावर पिकत नाहीत

आंबा, केळे, पपई, चिकू, सीताफळ, फणस, टोमॅटो ही फळे तयार असताना उतरवली तर नंतर पिकतात. द्राक्ष, डाळिंब, संत्रे, मोसंबी, अननस, लिची आणि कलिंगड ही मात्र वेल-झाडावरच पिकावी लागतात. ती कच्ची तोडली तर घरी कितीही दिवस ठेवली तरी गोड होत नाहीत, फक्त सुकतात किंवा सडतात. संत्र्या-मोसंब्यांची हिरवी साल वायूने पिवळी-केशरी करता येते, पण त्याने आतला रस गोड होत नाही.

म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न हा विचारावा की हे फळ कोणत्या गटातले आहे. पहिल्या गटातले फळ कच्चे पण तयार घेतले तरी चालते. दुसऱ्या गटातले फळ आज खाण्याजोगे असेल तरच घ्यावे.

तयार फळ कसे ओळखावे?

आंबा : देठाजवळचे दोन्ही खांदे भरून देठाच्या वर येतात आणि देठाशी खळगा पडतो. सालीचा गर्द हिरवा रंग फिकट होतो. झाडाखाली एखाद-दुसरा पाडाचा आंबा पडू लागला की बागायतदार उतरणीची तयारी करतो. कोकणात 'चौदा आणे तयार' असा शब्द आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्यातले चौदा आणे झाले की हापूस काढतात. झाडावर जास्त दिवस ठेवला तर गरात पांढरट, स्पंजासारखा भाग होण्याचा धोका वाढतो. त्याला साका म्हणतात. उतरवताना आंबा जमिनीवर आपटू नये म्हणून झेला वापरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला यासाठी प्रसिद्ध आहे. देठ थोडा ठेवूनच आंबा काढतात, नाहीतर चीक सालीवर ओघळतो, काळे डाग पडतात आणि तिथूनच फळ कुजायला लागते.

केळे : कच्च्या केळ्याच्या कडा टोकदार असतात. केळे भरत जाते तशा त्या गोल होतात. घड निसवल्यापासून साधारण तीन-चार महिन्यांनी ही वेळ येते. जळगावहून दूरच्या बाजारात जाणारे केळे पाऊण भरले की कापतात, म्हणजे वाटेत ते पिकून खराब होत नाही. जवळच्या बाजारासाठी आणखी भरू देतात.

चिकू : सालीवरची भुरी पूड सहज निघू लागते. नखाने हलके खरवडले की खाली हिरवी रेघ दिसली आणि चीक आला तर फळ कच्चे. पिवळसर रेघ दिसली तर तयार. डहाणू-घोलवडच्या बागांतून चिकू वर्षभर येतो, त्यामुळे घाई करण्याचे कारणच नाही.

पपई : खालच्या टोकाकडे पिवळी पट्टी उमटते आणि चीक पाण्यासारखा पातळ होतो.

सीताफळ : डोळे उघडतात. म्हणजे दोन डोळ्यांमधली फट रुंद होते आणि तिथे पिवळसर-पांढरा रंग दिसू लागतो.

कलिंगड : जमिनीला टेकलेला भाग पांढरट न राहता पिवळा होतो आणि देठाजवळचा ताणा वाळतो.

त्या पुडीत काय असते?

ती भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. वेल्डिंगचा गॅस तयार करण्यासाठी वापरतात तेच. बाजारात काही जण त्याला 'मसाला' म्हणतात. या नावामुळे ते खाण्यातले असावे असा भलताच समज होतो. हवेतला किंवा फळाचा ओलावा लागला की कार्बाइडमधून असिटिलीन वायू निघतो आणि मागे चुन्याची करडी भुकटी उरते. असिटिलीन थोडेफार इथिलीनसारखे काम करतो आणि साल पिवळी पडते.

कारखान्यात वापरायच्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. ओलावा लागल्यावर त्यांचेही विषारी वायू निघतात आणि त्यांचा अंश फळावर बसू शकतो. अशी फळे खाल्ल्याने चक्कर, घशाशी व पोटात जळजळ, वारंवार तहान, उलटी, अशक्तपणा असे त्रास होऊ शकतात. आर्सेनिक दीर्घकाळ शरीरात जात राहिले तर त्वचेला आणि मज्जातंतूंना इजा होते व कर्करोगाचा धोका वाढतो. एक आंबा खाल्ला म्हणून कोणी लगेच आजारी पडेल असे नाही. पण लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आधीच अशक्त असलेली माणसे यांच्यासाठी हा धोका कशाला घ्यायचा?

सगळ्यांत जास्त धोका मात्र खाणाऱ्याला नाही, पुड्या बांधणाऱ्याला आहे. बंद वखारीत उघड्या हातांनी कार्बाइड फोडणारा मजूर, पेट्या उचलणारा हमाल, हातगाडीवर पेटी उघडणारा विक्रेता यांच्या नाकातोंडात ती धूळ जाते. घामाने ओल्या झालेल्या हाताला ती भाजते. असिटिलीन पेट घेणारा वायू आहे. कोंडलेल्या खोलीत कोणी काडी ओढली तर भडका उडू शकतो. हे काम करणारी माणसे आपल्याच वस्त्यांतली असतात. आपल्या घरातले कोणी असे काम करत असेल तर त्याला हे समजावून सांगणे आपले काम आहे.

अंगावर कार्बाइड पडले तर आधी कोरड्या कापडाने ते झटकून टाकावे आणि मग वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावे. आधीच थोडेसे पाणी लावून चोळू नये, त्याने आग वाढते. डोळ्यात गेले तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. डोळा चोळू नये. त्यात तूप, दूध, मध असले काही घालू नये.

कायदा काय सांगतो?

असिटिलीन वायूने, म्हणजेच कार्बाइडने पिकवलेली फळे विकण्यास भारतात बंदी आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. मग एवढी फळे पिकवायची कशी? त्यासाठी इथिलीन वायूची मुभा आहे. २०१६ पासून १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग इथिलीन वापरता येते.

मोठ्या बाजारांत यासाठी रायपनिंग चेंबर असतात. बंद, थंड आणि दमट खोलीत मोजून इथिलीन सोडतात. केळ्यांसाठी तापमान साधारण १५ ते १८ अंश ठेवतात. खोलीत फळांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून मधून मधून हवा बदलतात. एखादा दिवस वायू दिला की पुढचे काम फळ स्वतःच करते. हा तोच वायू आहे जो फळात नैसर्गिकपणे तयार होतो. त्यामुळे "वायूने पिकवलेले सगळेच विष" ही समजूत चुकीची आहे. मात्र फळे इथेफॉनच्या द्रावणात थेट बुडवणे किंवा त्यावर भुकटी टाकणे नियमात बसत नाही. फळाला फक्त वायू लागला पाहिजे, रसायन लागता कामा नये.

घरी ओळखता येते का?

मोबाइलवर अनेक युक्त्या फिरतात. त्या तपासून घ्यायला हव्यात.

"पाण्यात तरंगला तो कार्बाइडचा आंबा" असे सांगतात. खरे असे आहे की पूर्ण तयार झालेला आंबा पाण्यापेक्षा थोडा जड असतो, म्हणून सहसा बुडतो. कोवळा आंबा तरंगतो. म्हणजे या युक्तीने आंबा कोवळा काढला होता की काय याचा अंदाज येतो. कार्बाइड वापरले की नाही हे कळत नाही.

"केळ्याचा देठ हिरवा आणि साल पिवळी असेल तर कार्बाइड" हेही खात्रीचे नाही. चेंबरमध्ये योग्य रीतीने पिकवलेल्या केळ्याचे टोकही सुरुवातीला हिरवे असते.

"आत पांढरा भाग दिसला म्हणजे कार्बाइड" असेही म्हणतात. हापूसमध्ये तो साका असू शकतो आणि साका झाडावरच होतो.

खात्रीचे उत्तर प्रयोगशाळाच देते. पण संशय घेण्याजोग्या खुणा आहेत. हंगामाच्या खूप आधी आलेले फळ, पेटीतल्या सगळ्या फळांचा अगदी एकसारखा पिवळा रंग, रंग पिकल्याचा पण देठाशी वास नाही, दाबले तर कडक, सालीवर काळे चट्टे आणि पेटीत पुडी किंवा करडी भुकटी. पुडी सापडली तर फळे खाऊ नयेत. पेटी पुडीसह कोरडी ठेवावी, बिल जपावे आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. आम्ही त्या दिवशी पुडी उकिरड्यावर फेकली आणि बिलही घेतले नव्हते. त्यामुळे तक्रार करता आली नाही. ही चूक आपण करू नये.

घरची अढी

सगळ्यांत सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे कच्चा पण तयार आंबा घेऊन घरी पिकवणे.

१. आंबे धुऊन, पुसून पूर्ण कोरडे करावेत. ठेचलेले, चिरलेले, देठाशी काळे पडलेले बाजूला काढावेत.

२. हवेशीर, सावलीच्या जागी भाताचा पेंढा पसरावा. त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा पेंढा, असे दोन-तीन थर लावावेत. जास्त थर लावले तर खालचे आंबे दबतात आणि उष्णता वाढून सडतात.

३. पेंढा नसेल तर पुठ्ठ्याचे खोके आणि कागद चालतो. थोडे आंबे असतील तर तांदळाच्या डब्यात ठेवता येतात. लवकर पिकायला हवे असतील तर सोबत एक पिकलेले केळे ठेवावे.

४. एक दिवसाआड अढी उघडून बघावी. सडका आंबा लगेच काढावा. पिकलेले वेगळे करावेत. आंबा किती तयार होता आणि हवा किती गरम आहे त्यावर सहा ते दहा दिवस लागतात.

५. कच्चा आंबा, केळी, सीताफळ फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने पिकण्याची क्रिया बिघडते आणि साल काळी पडते. पिकल्यावर आंबा दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवला तर हरकत नाही.

खाण्याआधी आंबे अर्धा-एक तास पाण्यात ठेवून धुवावेत, देठ काढून पहिला चीक पिळून टाकावा. चिकाने अनेकांच्या ओठांना पुरळ येते. धुतल्याने सालीवरची धूळ आणि भुकटी निघते, पण आत गेलेले काही निघत नाही हेही लक्षात ठेवावे. बाजारचे फळ साल दाताने सोलून खाऊ नये.

पिकताना आंब्याच्या गरात कॅरोटीन वाढते. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, जे मुलांच्या डोळ्यांना आवश्यक असते. कैरीत क जीवनसत्त्व जास्त असते. म्हणजे कोवळा आंबा कैरी म्हणून खाल्ला तर तो उत्तम आहे, पिवळा रंग चढवून पिकला म्हणून खाल्ला तर दोन्हीकडून तोटा. मधुमेह असलेल्यांनी फळ किती पिकले तेवढी साखर वाढते हे ध्यानात ठेवून प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

यंदा आम्ही काय केले?

कोकणातल्या हापूसचा भर एप्रिल-मे महिन्यांत असतो. मराठवाड्यातला केसर मे महिन्यात येतो आणि गावरान आंबा मे अखेरीस व जूनमध्ये. हे पाहून आम्ही यंदा जयंतीला कलिंगड आणि केळी वाटली. केळी चार-पाच दिवस आधी हिरवी, भरलेली आणून खोक्यांत पिकवली. आंबे ठेवले बुद्ध पौर्णिमेसाठी.

आंबे घ्यायला आम्ही त्याच विक्रेत्याकडे गेलो. "या वेळी कच्चेच द्या, पण तयार असलेले द्या," असे सांगितले. त्याने स्वतः एकेक आंब्याचे खांदे बघून निवडून दिले. पिकलेल्यापेक्षा भावही कमी पडला. विहाराच्या मागच्या खोलीत अढी घातली. वस्तीतल्या चार महिलांनी पाळी लावून रोज ती उघडून पाहिली. दीडशे आंब्यांपैकी अकरा सडले. बाकीचे पौर्णिमेच्या सकाळी वाटले. त्यांचा रंग एकसारखा नव्हता, काहींच्या पाठीवर हिरवी झाक होती. पण खोलीचे दार उघडल्यावर वास अंगणापर्यंत आला. या वेळी मुलांनी फक्त कोयी टाकल्या. मागच्या वर्षी ज्याची बोटे पोळली होती, त्या मुलाने दोन आंबे खाल्ले आणि तिसरा बहिणीसाठी घरी नेला.

लक्षात ठेवा

• आधी हंगाम पाहा, मग कार्यक्रमाचे फळ ठरवा.
• रंगावर जाऊ नका. वास, खांदे आणि मऊपणा पाहा.
• आंबा, केळी, चिकू, पपई कच्चे-तयार घेऊन घरी पिकवा. द्राक्ष, संत्रे, कलिंगड, डाळिंब पिकलेलेच घ्या.
• मोठी खरेदी करताना बिल घ्या आणि पेटी तळापर्यंत उघडून बघा.
• पुडीला मुलांचा हात लागू देऊ नका. अंगावर सांडली तर कोरडी झटका, मग भरपूर पाण्याने धुवा.
• वखारीत काम करणाऱ्या आपल्या माणसांना हा लेख वाचून दाखवा.